धार-देवासची शाळा आणि मुलांची क्रियापदे

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानावर पडतात ती बहुधा पवार घराण्याच्या निमित्ताने. माळव्यातील मराठी सत्तेचा इतिहास ती टाळून लिहिता येत नाही. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही या दोन गावांकडे लढाया आणि तह यांच्यासाठी वळत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या जिल्ह्यांतील काही शासकीय शाळांमध्ये विज्ञान एका निराळ्या रीतीने शिकवले गेले. स्थायू, द्रव आणि वायू म्हणजे काय, भौतिक बदल कोणता आणि रासायनिक बदल कोणता, हे प्रश्न तेथील मुलांनी पाठ केले नाहीत, हाताळले. ती रीत कोठून आली, तिने मुलांच्या बोलीला वर्गात कसे स्थान दिले, ती कशी बंद पडली आणि तिच्यातले काय कायद्यात उरले, हा आमचा विषय आहे.

तो येथे मांडण्याचे कारण उघड आहे. सीमेपलीकडील मराठी शाळेची पटसंख्या घटू लागली की पालकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : भाषा काय, घरी राहील, पण विज्ञान मराठीत शिकून मुलाचे भागणार नाही. या वाक्याला भावनेने उत्तर देता येत नाही. ते इतिहासाने आणि कायद्याने द्यावे लागते. धार-देवासच्या शाळांत हे उत्तर सापडते, आणि ते मराठीच्या नव्हे तर हिंदी माध्यमाच्या शाळांत सापडते, म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

दरबाराची भाषा आणि रयतेची भाषा

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. हे अमझेरा आजच्या धार जिल्ह्यात आहे. उदाजी पवार या मोहिमेतील प्रमुख सरदारांपैकी एक. पुढे धार येथे पवारांची एक गादी स्थिरावली, तर देवास येथे तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. देवासची वाटणी विलक्षण होती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार. गावातील मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन संस्थानांत मोडत, आणि दोन्हींची पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्था वेगवेगळी असे. एका रस्त्याच्या दोन्ही काठांनी जाणारी सीमा काय असते, हे आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या संस्थानांच्या दरबारात आणि दफ्तरात मराठीला मान होता, जुने कागद मोडीत लिहिले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानच्या शिक्षण खात्याची धुरा काशिनाथ कृष्ण लेले यांच्याकडे होती. परमारांच्या इतिहासाचे संशोधक म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. मराठी कारकून, शिक्षक, वैद्य, पुरोहित आणि गवई यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या या गावांत नांदली.

तथापि एक गोष्ट आपण स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. देवासच्या आसपासचा शेतकरी माळवी बोलत होता. धारच्या नैर्ऋत्येकडील कुक्षी, बाग, गंधवानी या पट्ट्यात भिली, भिलाली आणि निमाडी बोलणारी घरे होती. तेथे मराठी ही राज्य करणाऱ्यांची भाषा होती. नांगर धरणाऱ्यांची नव्हती. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मध्य प्रदेशात विलीन झाले, आणि कारभाराची व शाळेची भाषा म्हणून हिंदी स्थिर झाली. दरबार गेला तशी दरबाराची भाषाही मागे हटली आणि काही घरांपुरती उरली.

याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. भाषा बदलली तरी रयतेच्या मुलाची स्थिती फारशी बदलली नाही. पूर्वी दफ्तराची मराठी त्याच्या घरी बोलली जात नव्हती, आता पुस्तकातील संस्कृतप्रचुर हिंदीही त्याच्या घरची नव्हती. 'वाष्पीकरण', 'संघनन', 'भौतिक परिवर्तन' हे शब्द माळवी मुलाला जितके दूरचे, तितकेच भिलाली मुलालाही. शाळेत विज्ञान याचा अर्थ गुरुजींनी फळ्यावर व्याख्या लिहावी आणि मुलांनी ती वहीत उतरवावी, एवढाच होता.

१९७२ : सोळा शाळा

हा क्रम मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न नर्मदेच्या दक्षिण तीरावर झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून अनिल सद्गोपाल होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि 'किशोर भारती' ही संस्था उभी केली. त्याच जिल्ह्यातील रसूलिया येथे क्वेकर पंथीयांनी स्थापलेले 'फ्रेंड्स रूरल सेंटर' काम करत होते. या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने १९७२ मध्ये १६ शासकीय माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवण्यास आरंभ केला. मध्य प्रदेशात या वर्गांना माध्यमिक म्हणतात, आपण उच्च प्राथमिक म्हणतो. हाच 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम'. यश पाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्याच्या पाठीशी उभे राहिले.

१९७८ मध्ये तो होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांत नेण्यात आला. १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि पुढील विस्ताराची जबाबदारी तिने घेतली. त्यानंतर माळव्यातील आणि निमाडातील जिल्ह्यांत शाळांचे छोटे गट निवडून हे काम रुजवण्यात आले. त्यांत देवास आणि धार हे जिल्हे होते. देवास येथे तर एकलव्यचे केंद्रच उभे राहिले. पुढे हा कार्यक्रम पंधराएक जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला.

या कार्यक्रमाचे पुस्तक 'बाल वैज्ञानिक' या नावाचे होते. त्यात उत्तरे थोडी आणि प्रश्न फार. चार-चार मुलांची टोळी करायची, प्रयोग करायचा, काय दिसले ते आपल्या शब्दांत लिहायचे, मग वर्गात वाद घालायचा आणि सरतेशेवटी निष्कर्षाला यायचे, अशी त्याची रचना होती. साहित्य साधे आणि स्वस्त ठेवलेले. शिकवणारे शिक्षक नेहमीचे शासकीय शिक्षकच होते. त्यांची उन्हाळी प्रशिक्षणे होत आणि दर महिन्याला बैठक भरे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे, आणि प्रयोगाची परीक्षा स्वतंत्रपणे घेतली जाई. मुलांना पडलेले प्रश्न त्यांनी 'सवालीराम' या कल्पित गृहस्थाला पत्राने विचारावेत आणि त्यांना उत्तर जावे, अशीही योजना होती. प्रश्न आपल्या भाषेत लिहिण्याचा सराव मुलाला यातून होई.

अणू आणि रेणू यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पना या वयात घाईने लादायच्या नाहीत, हा कार्यक्रमाचा एक बहुचर्चित निर्णय होता. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्यामागील विचार भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. जे मुलाने पाहिले नाही त्याचे नाव त्याच्या तोंडी घातले, तर ते नाव पोकळ राहते. आधी वस्तू, मग तिच्याविषयीचे मुलाचे बोलणे, आणि शेवटी शास्त्राची संज्ञा, हा क्रम त्यांनी धरला.

वितळणे, जळणे आणि काच फुटणे

पदार्थाच्या अवस्था आणि पदार्थातील बदल हा धडा या क्रमाची कसोटी पाहणारा आहे. नेहमीच्या वर्गात तो दोन व्याख्यांत संपतो : ज्यात पदार्थाचे गुणधर्म कायम राहतात आणि बदल उलटवता येतो तो भौतिक, ज्यात नवा पदार्थ तयार होतो तो रासायनिक. मुलाने ही वाक्ये लिहिली की गुण मिळतात. प्रयोगाने शिकणारा वर्ग मात्र येथून पुढे अडखळू लागतो, आणि खरे शिक्षण त्या अडखळण्यात असते.

मीठ पाण्यात विरघळवा आणि पाणी आटवा, मीठ तळाशी पुन्हा दिसते. साखर कोरड्या भांड्यात तापवा, ती आधी वितळते, मग तांबूस होते आणि अखेरीस काळी पडते. त्या काळ्या कोळशातून साखर परत येत नाही. मेणबत्तीत दोन्ही बदल एकाच वेळी चाललेले असतात. खाली ओघळणारे मेण थंड होऊन पुन्हा घट्ट होते. वातीशी जळणारे मेण मात्र धूर, वाफ आणि कर्बवायू होऊन निघून जाते. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली प्रसिद्ध व्याख्याने या एका मेणबत्तीवरच होती. बुकबाइंडरच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या फॅरेडे यांना रसायनशास्त्राची गोडी लागली ती जेन मार्सेट यांनी संवादाच्या रूपाने सोप्या इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकामुळे. युरोपातील विद्वानांची भाषा शतकानुशतके लॅटिन होती. कारागिराच्या मुलाच्या हाती विज्ञान आले ते त्याच्या घरच्या भाषेतून.

आता वर्गातला कठीण प्रश्न. काचेचा पेला फुटला, तर तो बदल उलटवता येतो काय? येत नाही. मग तो रासायनिक काय? नाही, कारण काच काचच राहिली. येथे 'उलटवता येतो तो भौतिक' ही अर्धी व्याख्या कोसळते आणि 'नवा पदार्थ तयार झाला का' हा खरा प्रश्न मुलासमोर येतो. व्याख्या पाठ केलेले मूल या ठिकाणी गप्प बसते. प्रयोग करून भांडलेले मूल बोलत राहते.

धारच्या शिक्षकाला तर उदाहरणांसाठी गावाबाहेर जाण्याचीही गरज नाही. धार शहरात लाट मशिदीच्या आवारात एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. ते एकत्र धरले तर लांबी १३ मीटरच्या आसपास आणि वजन सुमारे ७ टन भरते, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभाहून हा स्तंभ लांब होता. तुकडे पडणे हा भौतिक बदल, त्यावर चढलेला गंज हा रासायनिक. लोखंडाच्या साध्या खिळ्याला चार पावसाळ्यांत खाऊन टाकणारा गंज या जुन्या लोखंडावर मात्र संथपणे का चढतो, हा प्रश्न सातवीच्या मुलालाही सुचू शकतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेस बाग हे गाव आहे. तेथील ठशांची छपाई सर्वत्र 'बाग प्रिंट' म्हणून ओळखली जाते. हिरड्यात बुडवलेल्या कापडावर लोहयुक्त खळीचा ठसा उठवला की हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाने काळा रंग येतो. तुरटी मिसळलेल्या चिंचोक्याच्या खळीचा ठसा मात्र आरंभी फिका दिसतो. अलिझरिन आणि धावड्याची फुले घातलेल्या उकळत्या पाण्यात कापड टाकले की तोच ठसा लाल होऊन उठतो. हे रसायनशास्त्र बागच्या कारागिराला मुखोद्गत आहे. त्याच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात ते नसेल, तर तो दोष मुलाचा नव्हे.

जमना, थिजणे, हेप्पुगट्टु

आता भाषेच्या प्रश्नाकडे येऊ. विज्ञानाची परिभाषा म्हटली की आपल्याकडे चर्चा होते ती नामांची. मराठी पुस्तक स्थायू, द्रव, वायू म्हणते. हिंदी पुस्तक ठोस, द्रव, गैस म्हणते. गुजराती पुस्तकात घन, प्रवाही, वायु असे शब्द आहेत, तर कन्नड पुस्तकात घन, द्रव, अनिल. 'द्रव' बहुतेकांना समान आहे. 'अनिल' म्हणजे संस्कृतातील वारा. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट यांनी ग्रीक शब्दावरून घडवलेला 'गॅस' हिंदीने सरळ उचलला आणि 'वायु' हा शब्द हवेसाठी मोकळा ठेवला. बदलाला हिंदीने 'परिवर्तन' हा शब्द योजला, मराठीने 'बदल' आणि कन्नडने 'बदलावणे'. शेवटचे दोन शब्द एकाच अरबी मुळाचे आहेत. बेळगाव, बिदर वा कारवारच्या मराठी मुलाला कन्नड वर्गात 'भौतिक बदलावणे' ऐकू आले, तर तो शब्द त्याला परका वाटण्याचे कारण नाही.

पण मूल विज्ञान शिकते ते आरंभी नामांतून नव्हे, क्रियापदांतून. कारण बदल ही क्रिया आहे. आणि स्वयंपाकघरातील क्रियापदे मुलाजवळ शाळेत येण्यापूर्वीच असतात. मराठीत पाणी गोठते, तूप थिजते, दूध आटते, विरजते, नासते. पीठ आंबते, भाकरी करपते, लोखंड गंजते, मेण वितळते, मीठ विरघळते, गढूळ पाणी निवळते. ही यादी फळ्यावर लिहून मुलांना विचारावे की यांतल्या कोणत्या क्रियेत नवा पदार्थ निर्माण झाला. धड्याचा निम्मा भाग तेथेच होऊन जाईल. इंग्रजीतून येणाऱ्या मुलाला 'मेल्ट' आणि 'डिझॉल्व्ह' यांतील भेद शिकवावा लागतो. मराठी मूल साखरेच्या खड्याला 'विरघळला' आणि मेणाला 'वितळले' असे न शिकवता म्हणते.

हिंदीचे उदाहरण घ्या. हिंदीत पानी जमता है, घी जमता है आणि दही भी जमता है. तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद. पहिले दोन भौतिक बदल, तिसरा रासायनिक. देवासच्या शिक्षकाने वर्गाला एवढेच विचारावे की हे तिन्ही 'जमना' एकच आहेत काय. जमलेले तूप चुलीशी नेले की पातळ होते. दही चुलीवर ठेवले तर दूध परत मिळते काय? भाषेने एकत्र बांधलेल्या तीन गोष्टी प्रयोगाने सुट्या होतात.

मराठीने या तिन्हींसाठी तीन शब्द ठेवले : गोठणे, थिजणे आणि विरजणे. म्हणून मराठी श्रेष्ठ ठरते असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे पाणीही गोठते आणि रक्तही गोठते. पहिला बदल भौतिक, दुसरा रासायनिक. कन्नडमध्ये 'हेप्पु' म्हणजे विरजण, आणि पाणी गोठणे व रक्त साकळणे या दोहोंसाठी त्याच शब्दापासून झालेले 'हेप्पुगट्टु' हे क्रियापद वापरतात. प्रत्येक भाषा काही भेद मुलाला फुकट देते आणि काही ठिकाणी त्याला चकवते. कुशल शिक्षक या दोहोंचा उपयोग करतो. परंतु त्यासाठी मुलाची भाषा वर्गात बोलली गेली पाहिजे. ती उंबऱ्याबाहेर ठेवली, तर तिची मदतही मिळत नाही आणि तिचा चकवाही उघड होत नाही.

येथे देवासच्याच एका रहिवाशाचे स्मरण होते. बेळगावजवळील सुळेभावी या गावी, कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि कायमचे तेथलेच झाले. आजारपणाच्या वर्षांत त्यांनी माळवी लोकगीते ऐकली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग सिद्ध केले. आपल्या सीमाभागातून गेलेल्या या माणसाने माळवीकडे ऐकण्याजोगी भाषा म्हणून पाहिले. विज्ञानाच्या शिक्षकाकडूनही याहून वेगळी अपेक्षा नाही. मूल काय बोलते ते त्याने आधी ऐकावे.

महाराष्ट्रातील अनुभवही हेच सांगतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने व्ही. जी. कुलकर्णी यांच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसोबत काम केले. खिरोदा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि त्याच्या पलीकडे मध्य प्रदेश लागतो. मराठी माध्यमाच्या मुलांनाही मराठी पाठ्यपुस्तकाची भाषा अडसर ठरते आणि ती सोपी केली की आकलन सुधारते, हे या केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे केवळ माध्यम मराठी असून भागत नाही. पुस्तकातील मराठी मुलाच्या मराठीशी बोलती असली पाहिजे.

परवानगी आणि हक्क

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम, शेकडो शाळा, प्रशिक्षित शिक्षक, स्वतंत्र पुस्तके आणि परीक्षा हे सर्व एका प्रशासकीय निर्णयाने थांबले. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध नोंदवला. निर्णय बदलला नाही.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून या घटनेकडे पाहतो, तेव्हा तिच्यातील एक गोष्ट ठळकपणे दिसते. हा कार्यक्रम शासनाच्या परवानगीवर उभा होता, कायद्याच्या तरतुदीवर नव्हे. जे परवानगीने मिळते ते परवानगी काढताच जाते, मग त्यामागे तीस वर्षे असोत वा तीनशे. सीमेपलीकडील आपल्या अनेक शाळांची स्थिती हीच आहे. शिक्षकाचे पद, तुकडीची मान्यता, मराठी पुस्तकाचा पुरवठा या सर्व गोष्टी परिपत्रकांच्या आधाराने चालतात आणि परिपत्रकाने बंदही पडतात.

म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार करणाऱ्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यश पाल होते, १९७२ पासून होशंगाबादच्या पाठीशी उभे राहिलेले तेच यश पाल. एकलव्यच्या संस्थापकांपैकी एक असलेले विनोद रैना यांचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. हा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९(२) मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवताना विचारात घ्यावयाच्या बाबी दिल्या आहेत. त्यांतील (ङ) म्हणते की शिक्षण कृती, शोध आणि अन्वेषण यांच्या मार्गाने, बालस्नेही आणि बालकेंद्री पद्धतीने व्हावे. त्याच्या लगेच पुढे (च) म्हणते की शिक्षणाचे माध्यम, व्यवहार्य असेल तेथवर, मुलाची मातृभाषा असावे. ज्या कल्पना २००२ मध्ये वर्गातून बाहेर काढल्या गेल्या, त्या सात वर्षांनी कायद्याच्या पानावर परतल्या, आणि पद्धत व माध्यम ही दोन्ही शेजारी शेजारी बसली.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी संविधानाचा अनुच्छेद ३५०-क त्याहून जुना आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. त्यासाठी निदेश देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना देतो. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या भाषा-धोरणासंबंधीच्या खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, शासन नव्हे. आणि प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम शासनाला सक्तीने लादता येणार नाही. या निकालाने अनेक मातृभाषाप्रेमींची निराशा झाली. सीमाभागातील मराठी पालकाने मात्र त्याची पहिली बाजू विसरू नये. त्याची मातृभाषा मराठी आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला उरलेला नाही.

या तरतुदी दुबळ्या आहेत, हे आम्ही जाणतो. 'प्रयत्न करावा' आणि 'व्यवहार्य असेल तेथवर' या शब्दांच्या आडोशाने पुष्कळ टाळाटाळ होते. तरीही परिपत्रक आणि कायदा यांत अंतर आहे. परिपत्रक मागे घेतले की विषय संपतो. कायद्याचे पालन झाले नाही तर विषय सुरू होतो.

माध्यम आणि पद्धत

धार-देवासच्या या इतिहासातून निघणारा बोध दुहेरी आहे. तेथे मराठी टिकली नाही, कारण ती दफ्तराची भाषा होती. रयतेच्या मुलाने तिच्यातून जग ओळखले नव्हते. आणि त्याच भूमीवर, पुढे, माळवी मुलाला आपल्या बोलीत पाहिलेले सांगण्याची मुभा मिळाली तेव्हा विज्ञान त्याच्या हाती आले. दफ्तराची लिपी बदलणे हा भाषेतील भौतिक बदल म्हणावा. मजकूर तोच राहतो, रूप पालटते. मुलाने पहिल्यांदा पाहिलेल्या बर्फाला, गंजाला, वाफेला कोणत्या भाषेत हाक मारली, हे पालटले की पदार्थच निराळा होतो.

म्हणूनच केवळ पाटीवर 'मराठी माध्यम' असे लिहिलेली शाळा वाचवून आपला प्रश्न सुटत नाही. त्या शाळेत 'बाष्पीभवन' आणि 'संघनन' यांच्या व्याख्या घोकल्या जात असतील, तर इंग्रजी शाळेत घोकल्या जाणाऱ्या व्याख्यांपेक्षा त्या अधिक उपयोगी का, हे आपण पालकाला सांगू शकणार नाही. आपली मागणी कलम २९(२) मधील दोन्ही उपखंडांची हवी, (ङ) चीही आणि (च) चीही. पद्धतीवाचून माध्यम कोरडे राहते, आणि माध्यमावाचून पद्धत मुकी.

हे काम करण्यास मार्ग आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी तरतूद आहे. कलम २२ नुसार शासकीय शाळेची समिती शाळा विकास योजना तयार करते, आणि ती योजना अनुदानाचा आधार ठरते. शासकीय मराठी शाळेतील पालकांनी या योजनेत प्रयोगसाहित्याची, मराठी शिक्षकाच्या रिक्त पदाची आणि मासिक शिक्षक-बैठकीची मागणी लेखी नोंदवावी, ठरावाची प्रत जतन करावी आणि पोच घ्यावी. तोंडी विनंती विसरली जाते. योजनेत लिहिलेली मागणी नाकारायची तर कारण द्यावे लागते.

साहित्याचीही वाण नाही. पुण्यातून १९९९ पासून निघालेल्या 'शैक्षणिक संदर्भ' या द्वैमासिकाने एकलव्यच्या 'संदर्भ'चा वारसा मराठीत आणला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादच्या कार्यक्रमात गेलेले अरविंद गुप्ता पुढे आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले, आणि आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी त्यांची पुस्तके मराठीत उपलब्ध आहेत. होशंगाबादचे पाणी अशा रीतीने पुण्यापर्यंत वाहत आले आहे. ते सीमेपलीकडे नेणे अशक्य नाही.

शिक्षक-बंधूंना आणि भगिनींना आमची एक सूचना आहे. येत्या सत्रात सहावीच्या वर्गात हा धडा आला की पुस्तक उघडण्यापूर्वी मुलांकडून घरातील बदलांची क्रियापदे गोळा करावीत : मराठी, कन्नड, कोकणी, गुजराती, हिंदी, जी येतील ती. ती फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारावा : नवा पदार्थ तयार झाला काय? ज्या यादीवर वर्गात भांडण होईल, ती या ठिकाणी अवश्य कळवावी. आपल्या शाळांत विज्ञान मराठीत शिकता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण पालकांना निवेदनांतून पुष्कळदा दिले. ते आता मुलांच्या वह्यांतून द्यावयाचे आहे.